प्रचाराचा शेवटचा हात

प्रचारतंत्राचा अभ्यास करायला आलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या मनात बर्लिन असते, गोबेल्स असतो, नाहीतर मुंबई-दिल्लीतला एखादा झगमगता स्टुडिओ असतो. आपण राहतो त्या चोपड्यात, साक्रीत किंवा अमळनेरात दुसरीकडे शिजलेलेच काय ते येऊन पडते, असे तो धरून चालतो. या क्षेत्रात तुमचे स्वागत करताना आधी या समजुतीशीच थोडे भांडायला हवे. निरोप कराचीत तयार होवो की कॅलिफोर्नियात, तो खरा ठरतो गावात. ओळखीच्या कुणीतरी तो पुढे केलेला असतो आणि त्या माणसाच्या भरवशावर तो चालतो. छापखाना, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, मोबाइल ही सगळी साधने त्या शेवटच्या हातापर्यंत माल आणून देतात; मत घडते ते त्या हाताशी. म्हणून अभ्यासही तिथून सुरू करावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी खानदेशाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

सुरुवात फैजपूरपासून करू. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन यावल तालुक्यातल्या या गावी भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि सगळी उभारणी शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली. गांधीजींची अट अशी की शहरातून सामान आणायचे नाही. त्यामुळे बांबू, तट्टे, गवत, आसपासच्या सुतार-बुरुडांच्या हातची कामे यांतून टिळकनगर उभे राहिले. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांनी ओढलेल्या, सजवलेल्या रथातून. शंकरराव देव, अण्णासाहेब दास्ताने, धनाजी नाना चौधरी ही मंडळी व्यवस्थेत होती आणि साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना यायला सांगत होते. विष्णू भुस्कुटे आणि बुखारी यांच्यासोबत शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी निघून फैजपूरला पोचला होता.

आता या सगळ्याकडे विषयाच्या चष्म्यातून बघा. काही आठवड्यांवर प्रांतिक निवडणुका आलेल्या. मतदारांतले कितीतरी जण निरक्षर. ज्याला भाषण कळणार नाही त्याला बांबूची कमान कळेल, बैलांचा रथ कळेल. हा पक्ष आपल्या दाराशी आला, आपल्यासारख्याच मांडवात बसला, एवढे तर नक्कीच कळेल. मनमाडहून पायी आलेला शेतकरी वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी स्वतःच एक वर्तमानपत्र होता. हा प्रचार होता का? होता, आणि अव्वल दर्जाचा होता. हे कबूल करायला विद्यार्थी कचरतात, कारण आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीला हे नाव द्यायला जीभ वळत नाही. ती वळवावी लागते. दुसऱ्याने केला तो अपप्रचार आणि आपण केली ती जागृती, अशी वाटणी करून हा अभ्यास एक पाऊलही पुढे जात नाही.

याचा अर्थ सगळा प्रचार सारखाच, असाही नाही. माझ्यापुरती एक कसोटी मी वापरतो: निरोपाला उलट उत्तर देण्याची सोय ऐकणाऱ्याला आहे का? फैजपूरच्याच मैदानावर काँग्रेसच्या शेतकरीविषयक ठरावांवर डाव्या मंडळींनी वाद घातले, किसान सभेने आपले वेगळे अधिवेशन भरवले. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले; ते उघडपणे पक्षाचे होते, नावातच तसे लिहिलेले होते, आणि वाचणाऱ्याला कुणाचे ऐकतो आहोत हे ठाऊक होते. धुळ्याच्या शरद पाटलांचे ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ही तसेच: बाजू घेतलेली, पण घेतली आहे असे सांगून घेतलेली. बोलणारा कोण हेच जिथे दिसत नाही, किंवा दिसते पण भलताच कुणी दिसतो, तिथे काम अवघड होते.

पुस्तकांचे म्हणाल तर या क्षेत्राची पायाभरणी पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात झाली. माणूस जगाशी थेट व्यवहार करत नाही, डोक्यातल्या चित्रांशी करतो, असे वॉल्टर लिपमनने १९२२ मध्ये मांडले. हॅरॉल्ड लॅसवेलने १९२७ मध्ये युद्धकाळातल्या प्रचाराची चिरफाड केली. एडवर्ड बर्नेजने १९२८ मध्ये तेच तंत्र साबण आणि सिगारेट विकणाऱ्यांच्या हाती दिले, आणि तेही मोठ्या अभिमानाने. (हा गृहस्थ फ्रॉइडचा भाचा. मामाने मनाचे आजार शोधले, भाच्याने त्यांचा बाजारभाव शोधला.) हे तिघेही वाचा, पण त्यांच्यापाशी अडकून राहू नका. ऐकणारा म्हणजे मातीचा गोळा, बोलणारा त्याला हवा तसा आकार देतो, असे एक चित्र त्या काळाच्या लिखाणातून नकळत मनात बसते.

त्या चित्राला पहिला तडा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यात गेला. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्याचे सहकारी मतदारांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रे मते फिरवतात हे मोजायला ते गेले होते. हाती आले ते असे की बहुतेकांचे मत आजूबाजूच्या माणसांशी बोलून ठरत होते. आणि त्या आजूबाजूच्यांतले काही जण इतरांपेक्षा जास्त ऐकणारे-वाचणारे होते, त्यांच्यामार्फत बातमी खाली झिरपत होती. पारावर पेपर मोठ्याने वाचून दाखवणारे आजोबा आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. ते पेपरातले अर्धे वाचत आणि अर्धे स्वतःचे घालत. त्यांना सिद्धांतात जागा मिळायला १९४४ साल उजाडावे लागले.

दुसरा तडा आपल्याच देशात गेला, आणि तो जगाच्या पुस्तकांत आहे हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचित सांगितले जाते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही अशा भागातल्या लोकांत पसरलेल्या अफवा येणाऱ्या आणखी भयंकर संकटांच्या होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास केला. तिथे प्रत्यक्ष विध्वंस समोर होता आणि अशा भीषण भाकितांचा तिथे मागमूस नव्हता. लिऑन फेस्टिंगरने १९५० च्या दशकात या दोन्हींवरून जो विचार केला तो असा: अफवेमुळे माणूस घाबरतो असे आपण म्हणतो, पण बऱ्याचदा माणूस आधी घाबरलेला असतो आणि त्या भीतीला कारण हवे असते. अफवा ते कारण पुरवते. हे एक वाक्य मनात ठेवून पुढचा भाग वाचा.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. सोलापूरकडचे, मुख्यतः मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे या समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या परिसरात काही दिवस मोबाइलवर फिरत होते. या पाचांवर संशय घेतला गेला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ओढून नेऊन मारहाण झाली आणि पाचही जण मेले. मारहाणीचे चित्रीकरण झाले आणि तेही मोबाइलवरून फिरले.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे एक मूल उचलतात आणि पसार होतात. ही फीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मूल सुखरूप सोडतात आणि एक फलक दाखवतात: मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवट कापला. एवढेच केले. बाकी फीत खरी, मूल खरे, रस्ता खरा. खोटेपणा फक्त कापलेल्या सेकंदांत होता. त्याच्याबरोबर सीरियातल्या मृत मुलांची छायाचित्रे जोडली जात आणि प्रत्येक प्रदेशात तिथल्या भाषेतला मजकूर किंवा आवाज येऊन चिकटत असे. जागृतीसाठी केलेला प्रचार सीमा ओलांडून, शेपूट तुटून, उलटा होऊन आला. या क्षेत्राच्या परीक्षेत विचारण्याजोगे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

घटनेनंतर दोष कुणाचा यावर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी यंत्राभोवती फिरली. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, पाड्यापाड्यावर व्हिडिओ पोचला, आणि अडाणी माणसाच्या हातात मोबाइल आला म्हणून असे झाले, हे मत शहरी लेखांत सर्रास दिसे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या निरोपावर तसा शिक्का उमटू लागला, आणि एका वेळी पाच ठिकाणीच निरोप पाठवता येईल असे भारतापुरते बंधन आले. २०१९ च्या जानेवारीत ते जगभर लागू झाले. त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेविरुद्ध जिल्हावार पोलिस अधिकारी नेमण्यापासून अनेक निर्देश दिले. हे सगळे आवश्यकच होते. पण शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी चार राज्यांत, त्यांत महाराष्ट्रही होता, केलेला २०१९ चा अभ्यास वेगळे बोट दाखवतो. खोटे निरोप पुढे ढकलण्यामागे मोबाइलचे अज्ञान हे मोठे कारण नाही. ज्यांच्याबद्दल आधीच वाईट मत आहे त्यांच्याविरुद्धचा निरोप माणूस तपासत नाही, हे मोठे कारण आहे. साक्षर, नोकरदार, इंग्रजी जाणणारा माणूसही त्यात मागे नसतो.

मग प्रश्न असा येतो की परक्या गावच्या भिक्षेकऱ्याबद्दलचे ते आधीचे मत कुठून आले? इथे आजच्या मोबाइलवरून नजर काढून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदांकडे न्यावी लागते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. जमाती याद्यांत गेल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या पोलिस खात्यातल्या मायकेल केनेडी या अधिकाऱ्याने ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तकच लिहिले: कोण कसा वेष करतो, कुठल्या निमित्ताने गावात शिरतो, कसा ओळखावा. कायदा १९५२ मध्ये गेला. संशय याद्यांतल्या जातींपुरता थांबला नव्हता, तो फिरून जगणाऱ्या प्रत्येकाला चिकटला होता, आणि कायद्याबरोबर तो गेला नाही. सरकारी शिक्क्याने, पोलिस ठाण्यातून पाटलाकडे आणि पाटलाकडून गावाकडे गेलेला हा निरोप कुठल्याही चित्रफितीपेक्षा जास्त काळ आणि जास्त दूर पोचलेला आहे. त्याला आपण प्रचार म्हणत नाही, कारण तो गॅझेटियरच्या बांधणीत कपाटात बसलेला असतो.

यातली एक गाठ आणखी अवघड आहे. राईनपाडा हा आदिवासी भाग. खानदेशच्या भिल्लांना याच इंग्रजी कागदपत्रांनी लुटारू म्हणून रंगवले होते. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली ती त्यांना ‘वळणावर’ आणण्यासाठी, आणि १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक सातपुड्यात लढला तेव्हा सरकारदरबारी त्याची नोंद दरोडेखोर अशीच झाली. ज्यांच्यावर हा शिक्का मारला गेला त्यांच्या वंशजांच्या बाजारात, तसाच शिक्का वाहणारे दुसरे लोक मारले गेले. एखाद्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हे प्रकरण मिटवणाऱ्या लेखाला म्हणूनच मी फार किंमत देत नाही. बाहेरून कुणी तरी येते आणि आपले काही तरी घेऊन जाते, हा त्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांचा अनुभव आहे. जंगल गेले, जमीन सावकाराकडे गेली, माणसे ऊसतोडीला गेली. जमुना प्रसादांच्या अभ्यासातली ती आधीची भीती इथे शोधावी लागेल.

रक्तपात झाला की अभ्यासक धावतात, एरवी फिरकत नाहीत, ही या क्षेत्राची एक वाईट सवय आहे. लोकमत रोज घडत असते, आणि खानदेशात ते कापसाच्या गंजीवर बसून घडते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी माल घरात भरून ठेवला, कारण भाव पुन्हा तिथे जाणार असे ऐकू येत होते. यूट्यूबवर सांगणारे होते, स्टेटसवर आकडे फिरत होते, शेजाऱ्याने ठेवला म्हणून यानेही ठेवला. भाव चढण्याऐवजी उतरत गेला, आणि घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते त्या तक्रारी मात्र वाढल्या. यात कुणी कटकारस्थान केले असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण मला मोलाचे वाटते. कुणीही ठरवून खोटे बोललेले नसताना, आशेच्या पाठबळावर, एक अख्खा पट्टा एकाच मताचा कसा होतो? भीतीसारखी आशाही कारण शोधत असते. रावेर-यावलचे केळीवाले आणि जळगावच्या सराफ बाजारातले व्यापारी या विषयावर तुम्हाला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त शिकवतील.

वर्तमानपत्रे आणि आकाशवाणीबद्दल इथे मी थोडेच बोलणार आहे, कारण त्यावर लिहिलेले पुष्कळ सापडते. दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा प्रश्न पत्रकार पी. साईनाथ यांनी लावून धरला. एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दन्‌शब्द सारखे मजकूर आलेले त्यांनी दाखवले आणि पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल तयार केला. जाहिरातीखाली ‘जाहिरात’ असे नसणे हा माझ्या वरच्या कसोटीवरचा सरळ नापास निकाल. दुसरी गोष्ट भाषेची. जळगाव आकाशवाणीवर अहिराणी किंवा लेवा बोलीतला कार्यक्रम लागला की घरातली म्हातारी माणसे कान टवकारतात, हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. अफवेला हे आधीच ठाऊक असते. ती अहिराणीत, भिलीत, कोकणीत, घरच्या माणसाच्या आवाजात येते. तिचा खुलासा मात्र बहुधा प्रमाण मराठीत, लेखी आणि सहीशिक्क्यासह येतो.

नवोदिताने कशापासून सुरुवात करावी, असे मला नेहमी विचारले जाते. ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्यांच्यापासून करा, असे माझे उत्तर असते. राईनपाड्याच्या त्याच रात्री मालेगावात जमावाने अशाच संशयावरून एका कुटुंबातल्या पाच जणांना घेरले होते, त्यांत एक लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. निरोप तेच, महिना तोच, अंतर काही तासांचे. एका ठिकाणी मधे कुणीतरी उभे राहू शकले आणि दुसरीकडे नाही, यामागे पोलिस ठाण्याचे अंतर किती, गल्लीतल्या ओळखी किती, पहिला हात कुणी धरला, हे जवळून तपासण्यासारखे आहे. वर्तमानपत्र मेलेल्यांची बातमी देते, वाचलेल्यांची दोन ओळींत उरकते. संशोधकाला ती मुभा नाही.

आणि साधने जपा. धुळ्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. आयुष्यभर पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवून, त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली, आणि त्यांच्या पश्चात पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथल्या रुमालांत अठराव्या शतकातली पत्रे आजही उलगडून वाचता येतात. २०१८ च्या उन्हाळ्यात साक्री-पिंपळनेर भागात फिरलेले आवाजी निरोप मात्र मोबाइल बदलले, मेमरी भरली, गट बंद झाले तसे पुसले जात आहेत. तेव्हा तुमच्या भागात एखादा निरोप फिरू लागला की तो पुढे न पाठवता नोंदवून ठेवा: कुठल्या तारखेला आला, कुणाकडून, कुठल्या बोलीत, किती सेकंदांचा, बरोबर कुठले चित्र होते, पुढे पाठवल्याचा शिक्का त्यावर होता का, आणि ज्याने पाठवला त्याला विचारल्यावर तो काय म्हणाला. पाठवणाऱ्याचे नाव वहीत लिहू नका, नाते लिहा: चुलतभाऊ, दूधवाला, बचतगटातली मावशी. महिनाभराने ती वही उघडाल तेव्हा काही नाती पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. पहिली मुलाखत त्यांची घ्या.